मेजर मँट : अज्ञान राजांचा वास्तुशिल्पी



कोल्हापूरच्या माणसाला वाट विचारली, तर तो टाउन हॉलची खूण सांगतो, सी.पी.आर.ची खूण सांगतो, किंवा बावड्याच्या रस्त्याने नव्या राजवाड्यावरून जा म्हणून सांगतो. या तीन इमारती आपल्या पायवाटेत इतक्या मुरल्या आहेत, की त्या कोणी तरी एका माणसाने कागदावर आधी काढल्या असतील ही गोष्टच मनात येत नाही. देवळाला जसा कर्ता नसतो, तसा आपण यांनाही कर्ता नाही असे धरून चालतो. वास्तविक तिन्हींचा कर्ता एकच, आणि तो फार जुनाही नाही. मेजर चार्ल्स मँट हे त्याचे नाव. आज मी त्याची हकीकत सांगायला उभा आहे. हकीकत एका गोऱ्या लष्करी इंजिनिअरची असली, तरी ती सांगताना आपल्याच गादीची, आणि तीही तिच्या अतिशय कठीण काळाची, कहाणी सांगावी लागते. त्याला माझा इलाज नाही.

मँटचा जन्म १८३९ सालचा. सत्तावनच्या बंडाची धग विझते न विझते तोच, १८५९ मध्ये, तो मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पथकात दाखल झाला. त्या काळी लष्करी इंजिनिअर म्हणजे केवळ पूल आणि तटबंदी करणारा माणूस नव्हे. रस्ता त्यानेच करायचा, कालवा त्यानेच काढायचा, कचेरी, शाळा, तुरुंग, चर्च हेही त्यानेच बांधायचे. त्यासाठी हुकमी आराखडे असत, आणि बहुतेक इंजिनिअर ते निमूटपणे गिरवीत. त्या आराखड्यांवरून उठलेल्या चौकोनी, पिवळ्या, कौलारू कचेऱ्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्यांविषयी अधिक बोलायला नको.

मँट या जातीचा नव्हता. त्याला इमारतीच्या रूपाचा शौक होता. त्याचे सुरुवातीचे नाव झाले ते सुरतेच्या हायस्कुलाच्या इमारतीने. ती गॉथिक घाटाची होती. टोकदार कमानी, उंच उतरती छपरे, आकाशात घुसणारे सुळके, असा हा युरोपातील मध्ययुगीन चर्चांचा घाट. मुंबईत त्या दशकात याच घाटाची लाट उसळली होती. विद्यापीठाचे सभागृह, राजाबाई टॉवर आणि पुढे बोरीबंदरचे स्टेशन ही त्याच लाटेची अपत्ये. तेव्हा मँटने सुरतेला गॉथिक बांधले यात नवल नाही. त्याने पुढे गॉथिक सोडले, हे नवल आहे. आणि ते सोडण्याची वाट कोल्हापुरातून गेली.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासाला निघाले. वय अवघे वीस. गादीवर आले ते १८६६ साली, दत्तक म्हणून. इंग्रजी चांगले जाणणारे, रोजनिशी लिहिणारे, नवे पाहण्याची हौस असलेले हे तरुण महाराज. लंडनमध्ये त्यांनी राणीची भेट घेतली, कारखाने पाहिले, सभांना हजेरी लावली. त्यांची ही रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली छापली. ती वाचताना हा राजा परत आला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु ते परत आलेच नाहीत. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स मुक्कामी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा अंत झाला.

आता पाहा, परक्या मुलखातील ख्रिस्ती शहर. तिथे प्रेताला अग्नी देण्याची चाल नाही, परवानगी नाही. तरी बरोबरच्या मंडळींनी आग्रह धरला, शहराच्या कारभाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर महाराजांचे दहन झाले. संगमच का, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. चिखलीच्या प्रयागावर जे आपण करतो तेच त्यांनी तिथे केले. १८७४ साली त्याच जागी एक छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, तो फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. भोवती चार भाषांतील लेख. आणि वर नक्षीच्या खांबांवर तोललेली हिंदी घाटाची छत्री. तिचा आराखडा मँटचा.

फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या 'हिंदी माणसा'ला असे आपलेसे केले, की १९७८ साली त्याच भागात आर्नोवर मोठा पूल झाला तेव्हा त्याचे नावही 'हिंदी माणसाचा पूल' असेच पडले. मँटच्या साऱ्या कामांत हे काम आकाराने सर्वांत लहान आहे. परंतु परदेशी भूमीवर, एका हिंदी राजाच्या चितेच्या जागेवर, गॉथिक सुळका शोभणार नाही हे त्या इंजिनिअरला उमगले, ही गोष्ट लहान नाही. माझ्या मते त्याच्या मनातले वळण इथेच दिसू लागते.

कारण त्याच सुमारास इकडे कोल्हापुरात तो जे बांधत होता ते मात्र अजून गॉथिकच होते. टाउन हॉल १८७२ ते १८७६ या काळात झाला. दोन टोकदार मनोरे, उंच उतरती छपरे. आपल्या काळ्या दगडात हे विलायती रूप कसे बसले आहे ते एकदा बागेत बसून नीट पाहा. दगड आपला आहे, उन्हाची तऱ्हा आपली आहे, आणि छप्पर मात्र बर्फ घसरून जावे अशा उताराचे आहे. कोल्हापुरात बर्फ पडत नाही. पण पाऊस असा पडतो, की तो उतार अगदीच वाया गेला असेही म्हणवत नाही! ही इमारत १९४९ पासून वस्तुसंग्रहालयाच्या कामी आली, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची ती छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आली. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेली परकी मूर्ती, आणि तिला जागा मिळाली परक्या घाटाच्या घरात. असो, हे विषयांतर झाले.

यानंतरचा मँट वेगळा आहे. अजमेरला संस्थानिकांच्या मुलांसाठी मेयो कॉलेज काढायचे ठरले, तेव्हा त्याच्या इमारतीचा घाट कोणता असावा यावर वरिष्ठांत पुष्कळ खल झाला. ग्रीक घाट, गॉथिक घाट, देशी घाट, सगळ्यांचे कैवारी होते. आराखड्यांमागून आराखडे झाले, आणि अखेर मान्य झाला तो मँटचा देशी वळणाचा. राजपुतान्यातील छत्र्या, सज्जे, जाळ्या, महिरपी यांचा त्याने अभ्यास केला आणि मधोमध घड्याळाचा मनोरा घातला. पायाभरणी १८७८ साली झाली. इमारत खुली झाली १८८५ साली. पुढे या मिश्र घाटाला 'इंडो-सारासेनिक' हे भारदस्त नाव पडले. त्याचा सरळ अर्थ असा, की आतली मांडणी, मापे आणि सोयी विलायती, आणि वरचे रूप हिंदू, जैन व मुसलमानी इमारतींतून वेचलेले. स्विंटन जेकबने जयपूरला देशी नक्षीचे जे प्रचंड संग्रह १८९० पासून छापले, त्यांच्या आधी मँट हे वेचण्याचे काम आपल्या वहीत करीत होता.

इथे थोडे थांबून मला एक मुद्दा मांडायचा आहे, कारण माझ्या समजुतीने तोच मँटच्या आयुष्याची किल्ली आहे. मँटसारख्या विलायती माणसाला देशी घाटाची गोडी का लागली, याचे उत्तर बहुतेक लेखक त्याच्या रसिकतेत शोधतात. रसिकता होतीच. पण त्याच्याकडे काम घेऊन आलेले धनी कोण होते, याची यादी करा. कोल्हापूर : राजाराम महाराजांच्या मागे १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज, वय आठ वर्षे. बडोदे : १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आणलेले सयाजीराव, वय बारा वर्षे. बिहारातील दरभंगा : लक्ष्मेश्वर सिंह, लहानपणापासून १८७९ पर्यंत कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या ताब्यात. आणि अजमेरचे मेयो कॉलेज ही तर अशाच मुलांसाठी काढलेली शाळा! कायद्याच्या भाषेत वयात न आलेल्याला 'अज्ञान' म्हणतात. मँट हा अज्ञान राजांचा वास्तुशिल्पी होता.

हा योगायोग नव्हे. राजा अज्ञान असला म्हणजे राज्य दिवाण चालवी आणि दिवाणावर पोलिटिकल एजंट नजर ठेवी. मोहिमा नाहीत, फौजेचा मोठा खर्च नाही, राजाचा हात खुला नाही. साहजिकच खजिन्यात शिल्लक पडे. त्या शिलकेतून रस्ते, शाळा, दवाखाने होत. ही कामे उपयोगाची होती, हे कोणीही प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही. आणि त्या मुलासाठी राजवाडाही होई. तो राजवाडा कसा असावा? अगदी विलायती असावा तर रयतेला तो आपल्या राजाचा वाटणार नाही. अगदी जुन्या वाड्यासारखा असावा तर त्यात टेबल, बिलियर्ड, पाहुण्या साहेबांचे जेवण, मडमांचा नाच यांची सोय कशी व्हावी? तेव्हा बाहेरून मराठा राजा आणि आतून इंग्रज गृहस्थ, अशी जी त्या मुलाची घडण शिक्षक मंडळी करीत होती, नेमकी तीच घडण मँट दगडात करीत होता. त्याने ती हिशेबाने केली असे मला म्हणायचे नाही. तो मनापासून करीत होता, आणि म्हणूनच ती सुंदर झाली. पण तिची मागणी कोठून आली हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या नव्या राजवाड्याकडे वळू. जुना राजवाडा भवानी मंडपात, अंबाबाईच्या शेजारी, पेठांच्या ऐन मध्यात. छत्रपतींचा वाडा आणि गावाचा चव्हाटा यांत भिंतीचेच काय ते अंतर. सत्तावन सालच्या धामधुमीत त्याच वाड्यातील चिमासाहेबांवर इंग्रजांचा रोष झाला, आणि त्यांना कराचीला पाठविले. १८६९ मध्ये ते तिथेच वारले. नवा राजवाडा मात्र पेठांच्या बाहेर, बावड्याच्या रस्त्याला, मोकळ्या माळावर आला. हवा चांगली, जागा ऐसपैस, हे खरेच आहे. गावाच्या गर्दीपासून राजा लांब गेला, हेही तितकेच खरे आहे.

इमारत मात्र मोठी देखणी. घडीव काळ्या दगडाचे काम, मध्यावर अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ, कोपऱ्यांवर लहान मनोरे, वर घुमट आणि छत्र्या. खांबांची आणि महिरपींची नक्षी पाहिली तर गुजरात-राजस्थानातील हिंदू व जैन देवळांची आठवण होते. दरबाराच्या दालनाच्या काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंग रंगविलेले आहेत. खर्च सुमारे सात लाख रुपये आला. त्या काळचे सात लाख! आणि हे सारे आगगाडी येण्यापूर्वी. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. राजवाडा पुरा झाला १८८४ साली. म्हणजे लोखंडी तुळया, काचा, घड्याळाची यंत्रे, जे काही बाहेरून आले ते घाटरस्त्यांनी बैलगाडीतून आले असले पाहिजे. ज्या पाथरवटांनी, गवंड्यांनी आणि वडारांनी ते दगड फोडले, घडविले आणि वर चढविले, त्यांतील एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही. मँटचे नाव निदान पुस्तकांत आहे. एक मात्र डोळ्यांना दिसते : कमानीवरचे फूल कागदावर काढणे निराळे आणि आपल्या कठीण काळ्या दगडात ते उमलविणे निराळे. छिन्नी किती खोल जाऊ द्यायची हे आराखडा सांगत नाही.

राजवाडा चढत होता तेव्हा तो ज्यांच्यासाठी चढत होता ते शिवाजी महाराज कोठे होते? हा भाग आपल्या इतिहासातील दुखरा भाग आहे. महाराजांची प्रकृती बिघडली आहे, त्यांच्या मनावर परिणाम झाला आहे, असे कारभाऱ्यांचे म्हणणे. त्यांचा छळ चालला आहे, असे लोकांचे म्हणणे. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लोकांची बाजू घेऊन दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधाराने ती केली ती न्यायालयात टिकली नाहीत. आणि जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. टिळकांच्या नावाशी जोडलेला पहिला तुरुंगवास हा कोल्हापूरच्या राजासाठी झाला, हे या शहराने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १८८३ साली महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले, आणि त्याच साली २५ डिसेंबर रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत जबर मार लागून त्यांचा अंत झाला. वय वीस. राजाराम महाराज गेले तेही विशीत. पुढच्याच वर्षी राजवाडा पुरा झाला. ज्यांच्या नावाने पाया घातला ते महाराज त्यात एक रात्रही निजले नाहीत.

आता ही गोष्ट बडोद्याच्या शेजारी ठेवून पाहा. सयाजीराव आणि आपले शिवाजी महाराज, दोघांचाही जन्म १८६३ सालचा. दोघेही दत्तक, दोघेही अज्ञान म्हणून इंग्रजांच्या देखरेखीखाली वाढले, दोघांच्याही राजवाड्यांचे आराखडे एकाच हाताने काढले. सयाजीरावांना डिसेंबर १८८१ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले, आणि ते लक्ष्मीविलास राजवाड्यात राहून हिंदुस्थानातील एक नामांकित राजे झाले. त्याच वयाचा दुसरा मुलगा नगरच्या किल्ल्यात संपला. राजवाड्याच्या आराखड्यात मुलाचे नशीब लिहिलेले नसते. तरी बडोद्याला गेलो असता त्या प्रचंड वाड्यासमोर उभे राहून मला पहिल्यांदा आठवण झाली ती याची. बरोबरचे मित्र मनोऱ्याची उंची विचारीत होते, आणि मी उगीच गप्प राहिलो.

लक्ष्मीविलास हे मँटचे सर्वांत मोठे काम. मराठ्यांचा दरबार, गुजरातची नक्षी, मोगली घुमट, इटालियन कारागिरांचे पच्चीकाम, सारे एका वाड्यात. १८८० च्या सुमारास काम सुरू झाले, आणि १८८१ साली मँट वारला. जेमतेम चाळिशी ओलांडलेला माणूस! त्याच्या मृत्यूची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. आपणांपैकी कित्येकांनी ती ऐकली असेल. आपले हिशेब चुकले, आपण बांधलेले वाडे आता कोसळणार, या धास्तीने त्याला पछाडले, त्याचे डोके फिरले आणि त्यातच तो गेला, अशी ती कथा. कोणी आणखी पुढे जाऊन त्याने आत्मघात केला असेही सांगतात.

या कथेविषयी जरा विचार करावा असे मला वाटते. अशा कथा लोकांना आवडतात. मोठ्या इमारतीच्या पायात काहीतरी बळी गेलेला असावा ही आपली फार जुनी समजूत आहे. किल्ल्याच्या बुरुजापासून नदीच्या पुलापर्यंत ती आपल्या गावोगाव ऐकू येते. पण कथेतील धास्तीला इंजिनिअरच्या दृष्टीने काही आधार असू शकतो का? थोडासा असू शकतो. दगडी बांधकामात सारे वजन भिंती आणि खांब पेलतात. घुमट आणि कमान नुसती खाली दाबत नाहीत, त्या बाजूलाही रेटतात. तो रेटा अडवायला भिंत पुरेशी जाड, किंवा शेजारची कमान पुरेशी भक्कम हवी. त्यात जमिनीचा प्रश्न. आपल्या कोल्हापुरात पाया खणला तर मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. बडोद्याला नदीच्या गाळाची खोल माती आहे. कातळावर शिकलेला हात गाळावर उंच मनोरा उभारू लागला, तर रात्री झोप न येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्याला झोप येते त्याच्याकडून वाडा बांधून घेऊ नये, असे मी म्हणेन.

परंतु हिशेब चुकले नव्हते. मँटच्या मागे मद्रासचे नामांकित वास्तुशिल्पी रॉबर्ट चिझम यांनी बडोद्याचे काम हाती घेतले आणि १८९० साली ते पुरे केले. वाडा उभा आहे. २००१ च्या जानेवारीत कच्छच्या भूकंपाने सारा गुजरात हादरला, तरी तो उभा आहे. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाचा हादरा कोल्हापुराला बसला, तेव्हाही आपला नवा राजवाडा आणि टाउन हॉल जागचे हलले नाहीत. दरभंग्याच्या वाड्याचे १९३४ च्या बिहारच्या भूकंपात बरेच नुकसान झाले. पण त्या भूकंपाने तिकडची गावेच्या गावे जमीनदोस्त केली, तेव्हा त्याचा दोष आराखड्याला देता येणार नाही. त्या वाड्यात १९६१ पासून संस्कृत विद्यापीठ आहे.

तेव्हा मँट वेडा होऊन मेला ही कथा खरी असो वा नसो, तो ज्याला भ्याला असे सांगतात ती गोष्ट घडली नाही. दगड कोसळले नाहीत. कोसळले ते दुसरेच काही. ज्या व्यवस्थेने त्याला कामे दिली, ती अज्ञान राजे, दिवाण आणि एजंट यांची व्यवस्था, तीच नाहीशी झाली. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले.

मँटच्या कलेविषयी रसिकांत दोन मते आहेत. एक मत असे, की हा सारा उसना शृंगार आहे. देवळाचे खांब, मशिदीचा घुमट आणि विलायती घड्याळ एकत्र केल्याने नवी कला जन्मत नाही. दुसरे मत असे, की एतद्देशीय कारागिराच्या हाताला ज्या काळात कोणी काम देत नव्हते, त्या काळात याने दिले. पहिल्या मतात तथ्य आहे. नव्या राजवाड्याच्या दालनांची मांडणी पाहिली, तर आपल्या वाड्यांतला चौक, सोपा, माजघर हा जो राहण्याचा जीव, तो तिथे नाही. दिवाणखान्याला दिवाणखाना जोडून केलेले ते विलायती घर आहे. पण दुसऱ्या मताकडे माझे मन अधिक झुकते. मुंबईत गॉथिक ऐन भरात असताना, वरिष्ठांची मर्जी तिकडे असताना, एक इंजिनिअर मेजर देशी नक्षीकडे विद्यार्थ्याच्या वृत्तीने पाहतो, आधीचे शिकलेले बाजूला ठेवतो, आणि चाळिशीच्या आत आपला घाट बदलतो, हे सोपे नाही. आपल्याकडे घाट बदलणारे पुष्कळ, पण तो बहुधा बदलीच्या हुकमाबरोबर बदलतो.

आणि इतिहासाची गंमत पाहा. ज्या राजवाड्याने राजाला गावापासून दूर न्यायचे, त्या राजवाड्यात पुढे कोण आले? १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचे नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. पुन्हा एकदा अज्ञान राजा, पुन्हा रीजंट, पुन्हा राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षण, पुन्हा साहेब शिक्षक. साचा तोच होता. १८९४ साली अधिकार हाती आल्यावर त्या साच्यातून जो पुरुष बाहेर पडला, तो मात्र घडविणाऱ्यांच्या अंदाजात नव्हता. त्यांचा जीव राजवाड्यापेक्षा सोनतळीच्या माळावर अधिक रमे, आणि भेटायला येणाऱ्याला अष्टकोनी मनोऱ्याची भीती वाटू नये इतके त्यांचे दार उघडे असे.

राहता राहिली तिसरी इमारत. टाउन हॉलच्या समोर १८८१ ते १८८४ या काळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल बांधले गेले. इंग्लंडचे युवराज १८७५ साली हिंदुस्थानात आले होते, त्यांचे हे नाव. पुढे त्या इमारतीला छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव मिळाले. परंतु जुन्या कोल्हापूरकराला विचाराल तर तो दोन्ही नावे घेणार नाही. तो 'थोरला दवाखाना' म्हणेल. मँटने आराखडा केलेल्या आपल्या तीन इमारतींपैकी टाउन हॉलचे संग्रहालय झाले, राजवाड्याच्या एका भागाचेही संग्रहालय झाले. थोरला दवाखाना मात्र अजून दवाखानाच आहे. उद्या सकाळी त्या बाजूने गेलात तर केसपेपरच्या रांगेत राधानगरीकडची, गगनबावड्याकडची माणसे डब्याची पिशवी घेऊन उभी दिसतील. आणि त्यांच्याबरोबर आलेली पोरे त्या दगडी खांबांना टेकून बसलेली असतील.